मागच्या इंजिनात धरलेली हवा

व्हर्ल स्टेकली कुणाच्याही घरी गेला की आधी नळ सोडायचा. तहान लागलेली नसायची. नळाजवळ कान नेऊन नुसता उभा राहायचा. धार सरळ आली तर गपगुमान खुर्चीत बसायचा. पण नळ मध्येच खोकला, दोन थेंब उडवून पुन्हा वाहायला लागला, की याचा चेहरा उतरलाच. मग घरचे ताटं वाढून बसलेले असोत, हा तळघरात उतरून पाइप चाचपत हिंडायचा. "कुठंतरी हवा धरलीया. एवढी सोडतो, मंग बसतो," म्हणायचा. आमच्या ग्रँट्सव्हिल गावात त्यावरून थट्टा चाले. चर्चच्या जेवणाला तो दारात दिसला रे दिसला की कुणीतरी ओरडायचंच, "बायांनो, सरबताचे जग झाका! व्हर्ल आला, त्यातली पण हवा काढील!" तोही हसायचा, पण हसता हसता कान कुठंतरी दुसरीकडे लागलेला असायचा.

माझं टायरचं दुकान आणि त्याचं रेडिएटरचं, मध्ये एक भिंत. सव्वीस वर्षं. पितळेला डाग द्यावा तर व्हर्लनं. ट्रकवाले चाळीस-चाळीस मैल वाट वाकडी करून यायचे. बोलायचा कमी. बोलता बोलता थांबायचा आणि मान तिरकी करायचा. मी एकदा विचारलं, काय ऐकतोस? तर म्हणाला, "पाइपात कुणीतरी बोट वाजवतंय." मी हसलो नाही. कारण एका दुपारी तो जेवायला घरी गेलेला असताना भिंतीपलीकडून मलाही ऐकू आलं होतं. टक्, टक्, टक्. जाऊन बघितलं तर दुकानातलं सगळं पाणी काढून टाकलेलं, टाक्या कोरड्या ठणठणीत.

त्याची बायको नेड्रा माझ्या बायकोला म्हणाली होती, "आमच्या घरात आमी तिघं ऱ्हातो. मी, ह्यो आन् लामार. लामार जेवत न्हाई, तेवढाच काय तो फायदा."

लामार पिक्सटन मरून तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती.

इकडे ऑगस्ट लागला की माणसं मिठावर जातात. वेंडोव्हरपुढे मैलोन् मैल पांढरं, सपाट, मेलेल्या समुद्राचं मीठ. त्यावर एक काळी रेघ ओढलेली असते आणि वर्षभर गोठ्यात, गॅरेजात जी काही गाडी बांधलेली असेल ती त्या रेघेवरून सोडायची आणि वेग मोजायचा. लामारनं बांधली होती दोन इंजिनांची गाडी. चौतीस फूट लांब, पेन्सिलीसारखी निमुळती. पुढे लामार आडवा, त्याच्या पाठीमागे एकामागं एक दोन इंजिनं, एकाच दांड्याला जुंपलेली. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट ताकद, हे गावातल्या सगळ्यांना दिसलं. दुप्पट ताप, हे एकट्या व्हर्लला दिसलं.

रेडिएटर बसवायचा तर गाडीच्या नाकाला तोंड पाडावं लागतं, आणि तोंड पाडलं की वारा आत शिरून गाडीला धरून ठेवतो. म्हणून व्हर्लनं रेडिएटरच काढून टाकला. रेडिएटरवाल्यानं! नाकात पंचवीस गॅलनची टाकी, तीत बर्फ ठासायचा. पाणी आधी पुढच्या इंजिनात, तिथून मागच्यात, तिथून परत टाकीत. धाव तर दोन मिनिटांची, तेवढ्याला पुरतं. पाणी किती तापलं ते लामारला समोरच्या काट्यावर दिसायचं. आणि पाण्यात अडकलेली हवा निघून जावी म्हणून मागच्या इंजिनाच्या दोन्ही हेडांवर, म्हणजे वरच्या झाकणांवर, अगदी मागच्या टोकाला, एकेक बारीक नळी. गाडी दुकानात लाकडी ठोकळ्यांवर होती, शेपूट वर. हवा उंचावर जाते, उंची मागे, म्हणून नळी मागे. कुणालाही पटेल असंच होतं ते.

एकोणसत्तरचा ऑगस्ट, सकाळची वेळ. चौथ्या मैलाला मागचं इंजिन जाम झालं. ताशी तीनशे मैलांच्या वर वेग होता आणि मागची चाकं जागच्या जागी बांधली गेली. पुढचं मी सांगत नाही. अशा गाडीला सुटताना मागून ट्रकनं ढकलावं लागतं; ती ढकलगाडी मी चालवत होतो. लामारला रेघेवर शेवटचा ढकलणारा मीच.

मिठावर एक रीत आहे. कुणी गेलं तर काय चुकलं, कुणाचं चुकलं, हे विचारायचं नाही. "मिठानं घेतला" म्हणायचं, टोपी काढायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रांगेला लागायचं. वाईट रीत नाही ती. तिच्यामुळे पुष्कळ घरं एकमेकांशी बोलती राहिली, नाहीतर आमच्याकडे निम्म्या गावानं निम्म्या गावाचं तोंड पाहिलं नसतं. पण व्हर्लला त्याच रीतीनं गिळलं.

मोडलेली गाडी त्याच्या दुकानात आली तेव्हा हेडचं दुसरं टोक धरायला मी होतो. उघडलं. मागच्या इंजिनाची पुढची दोन भांडी, पिस्टन चालतात ती, निळीकाळी पडलेली, पिस्टन वितळून भिंतीला चिकटलेला. मागच्या भांड्यांना साधा डागही नव्हता. व्हर्ल बघत उभा राहिला. इतका वेळ, की माझे हात भरून आले. मग त्यानं हेड ताडपत्रीत गुंडाळलं, मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि म्हणाला, "काय न्हाई. मिठानं घेतला." मीही "व्हय" म्हटलं. रीत होती. तेव्हापासून तो मिठावर आला नाही.

अठरा वर्षांनी, मार्च महिन्यात, लामारची पोरगी टॅमरा ट्रेलर घेऊन दारात उभी राहिली. बाप गेला तेव्हा अकरा वर्षांची होती. आता खाणीवर दगडाचे मोठे डंपर हाकत होती. ट्रेलरवर बापाच्या गाडीचा सांगाडा, सरळ करून रंगवलेला.

"व्हर्लकाका, ओळखलंस का?"

"चाल बापाची हाय. वळखलं की."

"गाडी उभी करतेय. बाबाची. पाण्याचं काम तुझ्याकडे."

"म्या मिठाची कामं सोडली, पोरी."

"मग कुणाकडे जाऊ? या गार्थकडे?" तिनं माझ्याकडे अंगठा केला. "याला पंक्चर सोडून काय येतं?"

"बरं झालं आलीस," मी म्हटलं. "सकाळपासून कुणी शिवी दिली नव्हती."

"सॉल्ट लेकला लय जण हायत," व्हर्ल म्हणाला. "माझ्यापेक्षा शिकलेले."

"नको मला शिकलेले. तू नाही म्हणालास तर मीच करते. सगळं आहे लिहिलेलं, तुझ्याच हातचं." तिनं काखेतली गुंडाळी टेबलावर पसरली. पेन्सिलीनं काढलेला नकाशा; टाकी, पंप, दोन इंजिनं, खाली तारीख. "बाबाच्या पेटीत सापडला. आई म्हणते, गाडीत काही चूक नव्हती. मिठानं घेतलं. तर मी याबरहुकूम नळ्या टाकते, झालं."

व्हर्लनं कागदावरच्या त्या बारीक नळीवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यागत उचललं.

"ह्यो कागद हितं ठेव," तो म्हणाला. "जुना झाला. म्या नवा काढतो."

"म्हणजे करणार?"

"करतो."

मला वाटलं, लामारच्या पोरीसाठी विरघळला. विरघळणं कसलं! खरं काय ते न सांगता पोरगी वाचवायची एवढी एकच वाट त्याला दिसली होती.

एप्रिल ते जुलै तो त्या कामात बुडाला. पहिल्यांदा त्यानं दोन्ही इंजिनांच्या चुली वेगळ्या केल्या: दोन टाक्या, दोन पंप, एकाचं गरम पाणी दुसऱ्याच्या तोंडी जायला नको. मग हवेचा प्रश्न. एका सकाळी काचेची हातभर नळी घेऊन आला, दोन्ही टोकं बुचं मारून बंद केलेली, आत पाणी आणि एकच बुडबुडा. माझ्या पिकअपच्या हौद्यात फळी टाकून त्यानं ती आडवी बांधली आणि स्वतः शेजारी पालथा पडला.

"गार्थ, विमानतळाच्या रस्त्याला घे. थांब, आन् एकदम दाब."

दाबली. पन्नास-साठला नेऊन थांबलो. मागे वळून म्हटलं, "दिसलं काय?"

"पुन्यांदा."

पुन्हा. आणि पुन्हा. अकरा वेळा. शेवटी मी वैतागून खाली उतरलो. म्हटलं, लेका, पेट्रोल काय नळाला येतं? बघितलं तर त्याची नजर काचेवर खिळलेली. गाडी सुटली की पाणी मागं दबायचं आणि बुडबुडा सुळकन पुढे धावायचा. दर खेपेला पुढेच. तो अकरा वेळा कशाची वाट बघत होता ते मला त्या दिवशी कळलं नाही. त्याच्या तोंडावर पाणी होतं. तो घाम असेल असं मी धरून चाललो.

मग त्यानं दोन्ही इंजिनांच्या प्रत्येक हेडला दोन्ही टोकांना हवेच्या नळ्या काढल्या. एकूण आठ. टॅमरा बघून म्हणाली, "काका, गाडी आहे की कोळी?"

"असू दे."

"बाबाच्या गाडीला दोनच होत्या, त्या पण मागे."

"असू दे म्हटलं न्हवं!" तो एकदम ओरडला. तो आवाज मी भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता. टॅमरा पाना उचलून कामाला लागली.

ऑगस्टमध्ये आम्ही मिठावर गेलो. अठरा वर्षांनी व्हर्लनं मिठावर पाय ठेवला तो थंड पाण्यात ठेवल्यासारखा, चाचपत. ओळखीची म्हातारी माणसं येऊन पाठीवर थाप मारून गेली. "व्हर्ल्या, मेलास असं ऐकलं होतं!" "अजून न्हाई." कुणी लामारचं नाव काढलं नाही. त्या पांढऱ्या सपाटीवर उन्हं चढली की डोंगरांचे पाय नाहीसे होतात आणि डोंगर हवेत तरंगायला लागतात. व्हर्ल त्यांच्याकडे पाठ करून बसायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा नंबर होता. व्हर्ल बर्फ आणायला गेलेला. तपासनीस ओर्सन हा जाडजूड माणूस, पण डोळा घारीचा. त्याला मागच्या इंजिनाच्या पुढच्या दोन नळ्यांपाशी ओल दिसली. थेंब मागच्या चाकाच्या वाटेवर पडतोय, म्हणाला, हे चालायचं नाही. मिठावर कुणी अडलं की शेजारी धावतो, मग तो तुमचाच विक्रम मोडायला आलेला का असेना. कॅलिफोर्नियाच्या एका चमूनं आपली दोन टोपणं काढून दिली. टॅमरानं ती त्या दोन नळ्यांना गच्च बसवली. ओर्सननं मान हलवली. गाडी रेघेवर आली.

व्हर्ल बर्फ घेऊन आला, दोन्ही टाक्या भरल्या. टॅमरा आत आडवी झालेली, पट्टे आवळलेले. मी मागे ढकलगाडीत. तो सवयीनं गाडीच्या अंगावरून हात फिरवत मागे आला आणि मागच्या इंजिनापाशी थांबला. उघड्या झडपेतून त्याला टोपणं दिसली.

तो चालत पुढे गेला आणि गाडीच्या नाकासमोर उभा राहिला.

"ओ म्हातारबा, बाजूला!" निशाणवाला ओरडला. "मागं बावीस गाड्या हायत!"

"ती टोपणं काढ," व्हर्ल टॅमराला म्हणाला.

तिनं शिरस्त्राणाची काच वर केली. "गळत होतं, काका. ओर्सननं अडवलं असतं. मागच्या नळ्या आहेत ना. बाबाच्या गाडीला पण..."

"तुझ्या बापाच्या गाडीला फुडं न्हवत्या, म्हणून त्यो मेला."

निशाणवाला जवळ येऊन हळू म्हणाला, "व्हर्ल, असं बोलत न्हाईत हितं."

"ठाव हाय. अठरा वर्सं न्हाई बोललो." मग तो पोरीकडेच बघून बोलत राहिला. "ठोकळ्यावर गाडीचं शेपूट वर हुतं, म्या नळी मागं लावली. गाडी सुटली की पाणी मागं दबतं आन् हवा फुडं येती. ताप मोजणारा काट्याचा डोळा बी फुडंच बसवला हुता म्या. त्यो हवेत उघडा पडला. हवेतल्या डोळ्याला पाण्याचा ताप कळत न्हाई. आत इंजिन जळत हुतं, आन् काटा खाली आला. लामारला वाटलं, गार पडतंय. त्यानं अजून दाबली. काटा चढला असता तर त्यानं पाय काढला असता, पोरी. लय सावध माणूस हुता. काटा खोटं बोलला, आन् काटा माझा हुता."

टॅमरा आडवीच होती, पट्ट्यांत बांधलेली. उठून त्याच्या थोबाडीत मारायचीही सोय नव्हती.

"कधी कळलं तुला?"

"हेड खोललं त्याच दिशी."

"म्हणजे मयताच्या आधी." तिचा आवाज अगदी साधा होता. "मयतानंतरच्या जेवणाला तू आमच्याकडे बसून जेवलास. ते चीज घातलेले बटाटे. मला आठवतंय, माझ्याच शेजारी होतास."

"दोनदा वाढून घेतलं. काय करावं कळंना."

"गार्थ," ती ओरडली, "टोपणं तू काढ. याचा हात लागता कामा नये."

मी उतरलो. काढली. थेंब पडायला लागले. मी ओर्सनकडे पाहिलं. तो पाय ओढत आला, हातातला रूट बिअरचा रिकामा डबा त्यानं तारेनं नळ्यांखाली बांधला आणि थेंब डब्यात पडतात की नाही ते बघितलं. "पास," एवढंच म्हणाला.

निशाण उठायच्या आधी टॅमरानं व्हर्लकडे न बघता विचारलं, "काटा पडला तर?"

"चढला तर जरा वाट बघ. पडला तर त्याच क्षणी पाय काढ."

मी ढकललं. साठला तिची इंजिनं धरली, मी बाजूला झालो. मिठाचा एक पांढरा झोत आणि मग नुसता आवाज. भोंग्यावर वेगाचे आकडे यायला लागले. दुसरा मैल, दोनशे बेचाळीस. तिसरा, दोनशे एक्याऐंशी. चौथ्याचा आकडा आला नाही.

व्हर्ल मिठावर खाली बसला. गुडघे मोडून, बाजारात भाजी घेऊन बसल्यासारखा. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही, मीही नाही. मग भोंगा खरखरला. "पिक्सटन पाचव्या मैलापाशी उभी आहे. ठीक आहे. स्वतःहून सोडली."

तिला आणायला गेलो तेव्हा ती गाडीला टेकून उभी होती. "साडेतीन मैलाला काटा पडला," म्हणाली. "एकदम. कुणीतरी हातानं खाली ओढल्यासारखा."

तिनं स्वतः सगळं उघडून पाहिलं. कॅलिफोर्नियावाल्यांनी पाहिलं, ओर्सननं पाहिलं. पाणी काठोकाठ, कुठंही हवा नाही, काटा धड, तार धड, एकही भांडं तापलेलं नाही. काटा का पडला हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही.

दुपारी ती व्हर्लपुढे येऊन उभी राहिली. "ट्रकमध्ये बस. आईला सांगायचंय. मी नाही सांगणार, तू सांगायचंस."

माझ्या ट्रकमध्ये पुढच्या बाकावर आम्ही तिघं. टॅमरा मध्ये. दीड तासाचा रस्ता. आर्डिस, लामारची बायको, स्वयंपाकघरात पीच बाटल्यांत भरत होती. सगळीकडे वाफ, सालांचा ढीग, ओट्यावर बाटल्यांची ओळ. निवत आलेल्या बाटल्यांची झाकणं आपोआप आत बसत होती, टक्, टक्. दर आवाजाला व्हर्लचे खांदे उडत होते. पण त्यानं सांगितलं. उभ्यानं, टोपी हातात धरून, मिठावर सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही.

आर्डिस पीच सोलत राहिली. बोलून झाल्यावर तिनं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे शेवटी काटा खाली होता?"

"व्हय."

"मग तो घाबरला नसेल."

व्हर्लला हे अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला, "न्हाई. त्याला वाटलं असंल, आज जमली. जाम झाल्यावर मातुर डोळं मिटायला बी येळ न्हाई मिळत."

"अठरा वर्षं तो मला भ्यालेला दिसतोय, व्हर्ल. काटा चढत चाललाय आणि तो ओरडतोय, आणि मला ऐकू येत नाही. रोज दिसतो." तिनं ओले हात एप्रनला पुसले, पुसतच राहिली. "तुला ठाऊक होतं. रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसत होतास. नुसतं मागं वळून सांगायचं होतं."

व्हर्लची नजर बाटल्यांच्या ओळीवर गेली.

"जा आता," ती म्हणाली. "परत येऊ नको असं मी म्हणत नाहीय. पण आज जा."

ती मोरीकडे तोंड करून उभी राहिली. टॅमरानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघं बाहेर आलो. ओसरीच्या पायरीवर व्हर्ल थबकला. आतून आवाज येत होता, दबका, थांबून थांबून.

"गार्थ, रडतीय का हसतीय रं ती?"

मी कान देऊन ऐकलं. मला सांगता येईना. आम्ही ट्रकमध्ये जाऊन बसलो, आणि टॅमरा बाहेर येईपर्यंत मी किल्ली फिरवली नाही.